नायबची उठवणी

देवकाबाईच्या घोड्याचं नाव नायब. एका नायब तहसीलदाराने बदलीच्या वेळी तो विकला आणि चिचघाटच्या लोकांनी घोड्याबरोबर हुद्दाही ठेवून घेतला. घोडा म्हणायचं ते मानाने. होता तो टट्टू. राखी रंगाचा, पोट सुटलेला, कुणी समोर आलं की मान वर करून सगळं ऐकून घेणारा आणि मग काहीच न करणारा. नाव त्याला शोभत असे.

देवकाबाई ढिवराची. वैनगंगेच्या काठी मासळी वाळवायची आणि दर आठवड्याला चामोर्शीच्या बाजारात नेऊन विकायची. बाजार चार कोस. जाताना नायबच्या पाठीवर सुक्या मासळीच्या दोन गोण्या आणि खोगिराला धरून बाजूने ती. येताना गोण्या रिकाम्या आणि पाठीवर ती स्वतः. पन्नाशी उलटलेली बाई, कासोट्याचं लुगडं, दोन्हीकडे दोन पाय टाकलेले, गालात तंबाखू. आमच्या गटातल्या तीसेक गावांत घोड्यावर बसणारी माणसं तीन: पटवारी, रेंजर आणि देवकाबाई. पहिले दोघे घोड्यावर ठेवल्यासारखे दिसत. ही बसलेली दिसे.

तिचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून सुजलेला होता. घरी मुलगा होता, गोकुळा नावाची सून होती. सून चांगली होती. "आता बसा जी घरी, आराम करा," म्हणायची. देवकाबाईला धास्ती होती ती याचीच. मला तिने एकदा बाजारात सरळ सांगितलं होतं, "नायब हाय तवरोक मी बाजारात हाय, मास्तर. नायब गेला का मी चुलीपाशी. मंग तिथी कोन इचारते, देवका कोन?"

मी मास्तर नव्हतो. मी गट विकास कार्यालयाचा समाजशिक्षण संघटक होतो. नागपूरला बी.ए. झालेल्या माणसाला सरकारने सांगण्याच्या कामावर नेमलं होतं. शोषखड्डा खणायचा दुसऱ्याने, मी सांगायचं. देवीची लस टोचायची दुसऱ्याने, मी सांगायचं. साल सत्तावन्न. सहा महिन्यांपूर्वी आमचा सगळा जिल्हा जागचा न हलता एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेला होता आणि तेही मीच गावोगाव सांगितलं होतं. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. छापील कागद अजून जुन्याच राज्याचे होते, ते संपेपर्यंत वापरायचे होते.

त्या वैशाखात नायबला नासूर झाला. मान जिथे पाठीला मिळते तिथे खोगीर घासून आधी चट्टा, मग गाठ, मग गाठीला तोंड, आणि तोंडातून पू. चुना लावून झाला, तंबाखूचं पाणी लावून झालं, टोरीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल लावून झालं. गाठ आत आत गेली. गोणी ठेवली की नायब खाली बसू लागला.

आमच्या गटाचे ढोर डॉक्टर गुणवंतराव यांनी बोट घालून पाहिलं. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं.

"हाडाचा तुकडा सडलाय आत," ते म्हणाले. "उघडून काढावा लागेल."

गुणवंतराव चांगले डॉक्टर होते. हे मी मुद्दाम इथेच लिहून ठेवतो, कारण पुढे ते तसे दिसणार नाहीत. आजवर असलं काही करायचं तर घोड्याचे पाय दोरांनी आवळून त्याला पाडत, वर सातआठ माणसं बसत आणि डॉक्टर घाईघाईने कापत. गुणवंतरावांना ते पटत नसे. त्यांनी पाठपुरावा करून क्लोरल हायड्रेट मागवलं होतं. पांढऱ्या खड्यांचं औषध. उकळून गाळलेल्या पाण्यात विरघळवायचं आणि मानेच्या शिरेतून द्यायचं. आमच्या साहेबांना वाटलं, हे लोकांनी बघायला हवं. म्हणजे मी सांगायला हवं. शिवाय दवाखान्याचा कंपाउंडर लग्नाच्या रजेवर होता आणि हाताखाली कुणीतरी लागणार होतं.

चिचघाटला जाताना बैलबंडीत गुणवंतरावांनी मला सगळं समजावलं. औषध शिरेच्या बाहेर सांडलं तर मानेचं मांस सडतं. कमी पडलं तर घोडा अर्धवट पिसाळतो. जास्त झालं तर श्वास थांबतो.

"आणि बरोब्बर झालं तर?"

"तर झोपतो. तास-दीड तास."

"दुखत नाही?"

"दुखतं. हे औषध दुखणं मारत नाही, घोड्याला झोपवतं फक्त. कापताना पाय झाडेल. पण जागा झाल्यावर त्याला काही ठाऊक नसेल."

"म्हणजे आपल्या खात्यासारखंच."

गुणवंतराव विनोदाला हसत नसत. "उठताना सांभाळायचं," ते म्हणाले. "पडताना घोडा सहसा मरत नाही. उठताना मरतो. डोकं आधी जागं होतं, पाय मागाहून. मधल्या वेळात त्याला वाटतं आपण उठू शकतो."

मी मान डोलावली. मला समजलं होतं. हे महत्त्वाचं आहे: मला सगळं समजलं होतं.

जागा त्यांनी स्वतः निवडली. गावाबाहेर, मोहाच्या झाडाखाली. सावली, मऊ माती, नदी जवळ. खाली धानाची तणस हातभर जाड पसरवून घेतली. सकाळचे आठ वाजले नव्हते तरी अख्खं गाव जमलं होतं. मी उभा राहून सांगितलं. काय सांगितलं ते आता नीट आठवत नाही. विज्ञान होतं, वेदनारहित होतं, आणि शेवटी पंचवार्षिक योजना होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुखरू म्हणून एक जाळं विणणारा म्हातारा पुढेच बसला होता. त्याने विचारलं, "मास्तर, हे विंजेक्शन मानसाले चालते का जी?"

"काऊन?"

"नाई, आमच्या बुढीले द्याचं होतं. दीड तास म्हन्ता नं? तेवढंच."

त्याची म्हातारी मागेच उभी होती. "याले कायचं विंजेक्शन," ती म्हणाली. "हा तं तसाच झोपला हाय चाळीस वर्सं." लोक हसले. देवकाबाई हसली नाही. ती नायबच्या तोंडाशी उभी होती, दोर हाताला दोन वेढे देऊन.

गुणवंतरावांनी विचारलं, "काल संध्याकाळपासून काही खायला घातलं नाही ना?"

"नाई जी. मीबी नाई खाल्लं."

"तुम्हाला नव्हतं सांगितलं, बाई."

"त्याच्या समोर कसं खाऊ?" मग ती म्हणाली, "उठन नं जी हा?"

"उठेल."

"नाई, मी काय म्हन्तो, हा झोपला अन् उठलाच नाई तं?"

"उठेल, बाई."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी सांगण्याच्या कामावर होतो. मी सांगितलं, "उठेल."

गुणवंतरावांनी मानेवरचे केस कातरले, अंगठ्याने शीर दाबली, ती बोटाएवढी फुगली. सुई गेली. रबराची नळी जोडून त्यांनी बाटली वर धरायला माझ्या हातात दिली. औषधाचा वास उग्र, नाकात चढणारा. बाटलीतलं पाणी सावकाश उतरत होतं आणि नायब नेहमीसारखा ऐकून घेत होता. निम्मं उतरलं तेव्हा त्याचा खालचा ओठ लोंबला. मग मान खाली आली, जणू दोराचं वजन अचानक वाढलं. मग तो डुलला. चार माणसांनी चारी बाजूंनी आधार दिला आणि नायब गुडघे मोडून, एक लांब श्वास सोडून, तणशीवर आडवा झाला. डोळे उघडेच होते. गुणवंतरावांनी बुबुळाजवळ बोट नेलं, पापणी हलली नाही.

गर्दीतून आवाज आला, "गेला."

"झोपलाय," मी म्हणालो.

"डोळे उघडे ठिवून?"

"हो."

"आमच्यात याले गेला म्हन्ते."

पाऊण तास गुणवंतराव कापत होते. पू वाटीभर निघाला. मग चिमट्यात धरून त्यांनी हाडाचा काळपट तुकडा बाहेर काढला, चिंचोक्याएवढा. तो पाहायला लोकांनी इतकी दाटी केली की दोनदा मागे हटवावं लागलं. मधे नायबचा मागचा पाय झटकन हलला आणि देवकाबाईने तो पाय धरून ठेवला. जखम धुऊन, आत औषधाची पट्टी भरून गुणवंतराव उठले. कपाळावरचा घाम त्यांनी दंडाला पुसला आणि मी त्यांना पहिल्यांदाच हसताना पाहिलं.

"तीन आठवडे ओझं नाही, बाई. मग बाजार."

"अन् बसाले?"

"सहा आठवडे."

तिने बोटांवर आठवडे मोजले. सहावा आठवडा आषाढात पडत होता, वाटेवर चिखल. तेही चालणार होतं.

इथवर सगळं बरोबर झालं. सांगण्यासारखं झालं. तेवढ्यात माजी मालगुजाराचा माणूस पळत आला. मालगुजारी जाऊन सहा वर्षं झाली होती. म्हशी मात्र राहिल्या होत्या आणि त्यातली एक अडली होती, अर्ध्या कोसावरच्या टोलीवर, म्हणजे वाडीवर. रेडकाचे पाय बाहेर, डोकं आत. गुणवंतरावांनी एकदा नायबकडे पाहिलं, एकदा त्या माणसाकडे.

"मास्तर," ते मला म्हणाले (ते कधी मला मास्तर म्हणत नसत), "इथे बसा. मानेवर. हा आता डोकं उचलू लागेल. गुडघा ठेवून मान दाबून धरायची, म्हणजे उठता येणार नाही. घोड्याचं डोकं खाली असलं की तो उठत नाही. मी येईपर्यंत उठू द्यायचं नाही. काही झालं तरी."

"किती वेळ?"

"तास. सव्वा तास."

ते गेले. मी नायबच्या मानेवर गुडघा ठेवून बसलो. केस गरम होते आणि आत कुठेतरी शीर सावकाश उडत होती.

आता उठवणीबद्दल लिहिलं पाहिजे. आमच्याकडे चैत्र-वैशाखात तणस संपते, रान जळतं, आणि अशक्त झालेली गुरं बसतात. बसलेलं ढोर आपलं आपण उठत नाही. दिवसभर बसून राहिलं तर पायातलं रक्त मरतं, दुसऱ्या दिवशी ते ढोर गेलंच. म्हणून या गावांचा एक नेम आहे: बसलेल्या ढोरावर दिवस मावळू द्यायचा नाही. कुणीतरी गल्लीत ओरडतं, "उठवनी रे!" की हातातलं काम टाकून माणसं निघतात. भांडण असलं तरी निघतात. जात विचारत नाहीत, घर विचारत नाहीत. दोन बांबू पोटाखालून सारायचे, मधे गोणपाट, दोन्हीकडे चार चार माणसं, आणि एक जण शेपटीला. ढोर उभं राहिलं की बांबू काढून सगळ्यांनी एकदम बाजूला व्हायचं. धरून ठेवायचं नाही. धरलं की ढोर माणसावर टेकतं आणि पुन्हा बसतं. चार वर्षांत मी स्वतः वीसेक गुरं उठवली असतील. नोकरीतलं माझं कुठलंही काम लोकांना कळलं नाही, हे कळायचं. बांबूच्या टोकाला खांदा लावलेला माणूस कोणत्या कामावर आहे ते विचारावं लागत नाही.

नायबने पहिल्यांदा डोकं उचललं तेव्हा सगळे उठून उभे राहिले. मी दाबलं. डोकं खाली गेलं.

"जागा झाला," देवकाबाई म्हणाली.

"डोकं जागं झालं. पाय झोपलेत अजून."

पाचेक मिनिटांनी त्याने पुन्हा डोकं उचललं. पुढचे पाय तणशीत खरवडले. मी पूर्ण वजन टाकलं. नाकातून त्याने असा आवाज काढला की मागची एक बाई "अरे बापा" म्हणाली.

उठवणीला शेपटी धरणारा माणूस म्हणजे शालिकराम. पंचक्रोशीत त्याच्या हाताला मान होता. शेपटी कुठल्या पेरावर पिळायची ते त्यालाच कळे. तो पुढे आला.

"मास्तर, हा उठून राह्यला."

"दिसतंय, शालिकरामभाऊ. उठू द्यायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डाक्टरनं सांगतलं उठन म्हनून. सर्व्याइनं आयकलं."

"उठेल. नंतर."

"नंतर म्हन्जे केवा? पाय झोपले म्हन्ता, तं पाय जागवा लागते का दाबून ठिवा लागते?"

मुखरूने मागून टाकलं, "पह्यले सरकार आपल्याले उठू नोतं देत. आता घोड्यालेबी नाई."

कुणी हसलं नाही. हे वाईट लक्षण होतं. मी त्यांना समजावलं. माझं कामच ते. औषध अंगातून उतरायला वेळ लागतो, दारूसारखंच आहे, प्यायलेल्या माणसाला उठवलं तर तो पडतो.

"पेलेल्या मानसाले आमी घरी नेतो," शालिकराम म्हणाला. "त्याच्या मानंवर नाई बसत."

ऊन सावलीच्या कडेने आत येऊ लागलं होतं. नायबने तिसऱ्यांदा, चौथ्यांदा डोकं उचललं. दर वेळी जोर जास्त. दर वेळी मी दाबलं, आणि दर वेळी तीस-चाळीस माणसं, जी चार वर्षांत माझ्याबरोबर बांबूला लागली होती, मला पाहत होती. जनावर उठू बघतंय आणि सरकारी माणूस त्याच्या मानेवर बसलाय. मला कारण ठाऊक होतं. पण मीही त्यांच्या बाजूने उभा राहून पाहिलं असतं तर मला हेच दिसलं असतं.

देवकाबाई माझ्या शेजारी येऊन खाली बसली. सुजलेला पाय तिला मुडपता येत नव्हता, तो तिने समोर लांब केला. नायबच्या ओठाला लागलेली तणस काढली. मग अगदी हळू, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "उठा जी मास्तर, मानंवरून."

"बाई, डॉक्टर..."

"उठा जी. माहा घोडा हाय."

मी उठलो.

यावर पुष्कळ विचार करता येण्यासारखा आहे आणि मी केलेला नाही. मी उठलो एवढंच. शालिकरामने एकदाच हाक दिली आणि बांबू आले. ते आधीच कुणीतरी झाडाला टेकवून ठेवले होते. पोटाखालून ते सारले, गोणपाट घातलं. डाव्या बाजूला तीनच माणसं होती. चौथी जागा रिकामी होती. मी तिथे खांदा लावला.

"हां... उठवा!"

नायब उठला. इतका हलका उठला की आम्ही सगळेच थक्क झालो. वैशाखातल्या बैलापेक्षा निम्मं वजन. चारी पाय चार दिशांना, खाटेच्या खुरांसारखे, पण उभा. देवकाबाईने त्याच्या कपाळावर हात ठेवला. कुणीतरी "जय" म्हणालं. शालिकरामने शेपटी सोडली आणि नेहमीसारखा इशारा केला, आणि नेहमीसारखे आम्ही बांबू काढून एकदम बाजूला झालो.

बैल उठला की उभा राहतो. आमच्यातल्या प्रत्येकाला हे हाडापासून माहीत होतं. घोडा आमच्यात कुणीच कधी उठवला नव्हता. घोडा घाबरला की उभा राहत नाही. तो निघतो.

नायब निघाला. आधी एक पाऊल, मग तीन, मग त्याचे मागचे पाय एका बाजूला आणि पुढचे दुसऱ्या बाजूला धावू लागले. देवकाबाईच्या हातातला दोर सुटला. ती ओरडली नाही, "अरे थांब नं," एवढंच म्हणाली, बाजाराच्या वाटेवर म्हणावं तसं. चाळीस पावलांवर नदीची दरड होती. दीड पुरुष उंच. शालिकराम धावला, मीही धावलो, आणि आमच्या धावण्याने तो आणखी जोरात गेला.

आम्ही काठावर पोचलो तेव्हा तो खाली वाळूत उभा होता. उठला होता, आपला आपण. पुढचा डावा पाय गुडघ्याच्या वर मोडून लोंबत होता, वाऱ्याने हलावा तसा. नायबला त्याचा पत्ता नव्हता. त्याने तो पाय टेकवून पाहिला, पाय टेकला नाही, पुन्हा टेकवून पाहिला. तोंडावर कसलाही भाव नाही. औषध अजून चांगलं काम करत होतं.

गुणवंतराव आले तेव्हा त्यांच्या बाह्या कोपरापर्यंत रक्ताने भरलेल्या होत्या. रेडकू जगलं होतं. ते दरडीवरून खाली उतरले, पाय हातात घेऊन पाहिला आणि खाली ठेवला.

"मानेवर कोण होतं?"

"मी," मी म्हणालो.

"मग?"

"उठलो."

त्यांनी पुढे काही विचारलं नाही. आजपर्यंत नाही.

देवकाबाईला दोघांनी धरून खाली आणलं. मुखरू म्हणाला, "बांबूच्या कामट्या बांधल्या तं? कोंबडीले बांधतो आपन." गुणवंतराव म्हणाले, "माणूस दोन महिने पडून राहतो. घोडा पडून राहत नाही. तीन पायांवर राहिला तर ते तीनही जातील." हे त्यांनी देवकाबाईकडे पाहत सांगितलं, माझ्याकडून सांगवलं नाही. मग म्हणाले, "अंमल आहे तोवर करू. तो उतरला की दुखू लागेल."

"काय करनार जी?"

"तेच औषध. जास्त."

ती नायबकडे पाहत होती. नायब तिच्याकडे पाहत नव्हता.

"त्याले समजन?"

"नाही."

"मंग करा."

चार पुड्या आणल्या होत्या, दोन लागल्या होत्या. उरलेल्या दोन गुणवंतरावांनी घट्ट कालवल्या. बाटली मीच धरली. धरायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. नायब दुसऱ्यांदा झोपला. गुणवंतरावांनी बुबुळाजवळ बोट नेलं आणि या वेळी बराच वेळ तिथेच ठेवलं.

चौकशी झाली. साहेबांनी मला लेखी निवेदन मागितलं. जुन्या राज्याच्या कागदावर मी लिहिलं: "सदर घोडा इंजेक्शनच्या अंमलाखाली असताना उठून धावला व दरडीवरून पडून जायबंदी झाला." प्रत्येक शब्द खरा होता. गुणवंतरावांनी ते वाचलं, खाली सही केली आणि स्वतःचं असं काही जोडलं नाही. त्या पावसाळ्यात दवाखान्यात गुरं येणं जवळजवळ बंद झालं. लोक सांगत, डाक्टर टोचून मारते. मी समाजशिक्षण संघटक. गैरसमज दूर करणं हे माझ्या कामाच्या यादीत चौथ्या क्रमांकावर होतं. दिवाळीच्या आधी गुणवंतरावांची सिरोंच्याला बदली झाली. दवाखान्यात उरलेलं क्लोरल ते बरोबर घेऊन गेले.

माझं मात्र बरं चाललं. ज्या गावात जावं तिथे लोक खाट टाकत. "हेच ते मास्तर, यायनं बांबू धरला होता." शोषखड्डे भराभर खणले जाऊ लागले. वरून शाबासकीचं पत्र आलं.

श्रावणात बाजाराच्या दिवशी चामोर्शीला गेलो तर देवकाबाई आपल्या जागेवर होती. मला ती दिसेल असं वाटलं नव्हतं. दोन गोण्यांच्या जागी एक टोपली, पाय समोर लांब केलेला, गुडघ्याला निरगुडीचा पाला बांधलेला. मी दुसऱ्या ओळीने जाणार होतो. तिने हाक मारली.

"या नं जी मास्तर. तोंड चुकवून कुठी चाल्ले?"

मी बसलो. कशी आलात, विचारलं.

"कशी म्हन्जे? पायानं. कोंबडा आरवाच्या आंगुदर निघालो. गोकुळा म्हने बसा. म्हटलं, बसतो, मेल्यावर." तिने पळसाच्या पानात झिंगे बांधले आणि माझ्यासमोर ठेवले. मी नको म्हणालो. "घ्या जी. समद्या सरकारात तुमीच एक. जोर लावला होता तुमी, मले दिसलं. डावीकडून तिसरे होते."

"चौथा," मी म्हणालो.

"चौथे. डाक्टर असता तं त्यानं उठूच देला नसता नायबले."

"नसता दिला," मी म्हणालो.

"पाहा नं. तसाच दाबून ठिवला असता." ती तंबाखू मळत म्हणाली. "मरन तं आलंच होतं त्याचं. पन उभा राह्यला नं जी एकडाव. मी हात ठिवला त्याच्या डोक्यावर."

मी म्हणालो असतो तर तेव्हाच. वाक्य तयार होतं, फार मोठंही नव्हतं. मी झिंगे उचलले.

ती टोपलीवर फडकं बांधू लागली. निम्मी मासळी शिल्लक होती.

"इतक्यात निघालात?"

"निंगा लागते. चार कोस हायेत, अन् हा पाय." टोपली डोक्यावर घेऊन ती खांबाला धरून उठली. मी हात पुढे केला होता, तो तिला दिसला नाही. बंडीवाल्या बुधूने हाक दिली, "बसतं का बाई, इचोड्यापावतर?" तिने मान हलवली. "मी बंडीत नाई बसत, बुधू. तुह्या बैलाईची चाल मले जमत नाई."

ती मिठाच्या ओळीतून, बांगड्यांच्या ओळीतून बाहेर पडली. समोरून डोक्यावर ओझी घेतलेली माणसं येत होती आणि ती त्यांच्यातून उलट जात होती. दुपारचे बारा वाजले होते. बाजार नुकता भरत होता.